बोटभर वादळ

माझं सूर्याशी भांडण आहे. आमच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे, शेजारच्या काकूंना ठाऊक आहे, आणि मला वाटतं एव्हाना सूर्यालाही कळलं असावं. लग्न होऊन रायपुरात आले तेव्हापासून रोज अंघोळ झाली की गच्चीवर जाऊन त्याला तांब्याभर पाणी द्यायचं, असा माझा नेम होता. सासूबाईंनी लावला आणि मला आवडला म्हणून टिकला. समोर गुढ़ियारीची दाटीवाटीची घरं, पलीकडे मालगाड्यांचा खडखडाट आणि मध्ये मी, ओल्या केसांनी हात वर करून उभी. एक दिवस मी भरलेला तांब्या तसाच खाली आणला आणि ते पाणी कुंडीतल्या कढीपत्त्याला घातलं. यांनी पेपरातून डोकं वर काढून विचारलं, "काहून, आज ढग आले का?"

"ढग नाही आले," मी म्हटलं. "मीच नाही त्याच्यासाठी."

यांची सगळी नोकरी रेल्वेच्या कचेरीत गेली. माणसं चिडली की त्यांना थोडा वेळ एकटं सोडायचं असतं, एवढं ते तिथं नक्की शिकले. ते पुन्हा पेपरात शिरले.

भांडणाचं कारण आमची मुलगी. एकुलती एक. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि नव्या रायपुरात एका कार्यालयात कॉम्प्युटरवरच्या कामाला लागली. नवं रायपुर ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते, तिथले रस्ते एवढे रुंद आहेत की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही, आणि रस्त्याकडेला लावलेली झाडं तेव्हा गुडघ्याएवढी होती. बस क्वचित यायची. उतरल्यावर कार्यालयापर्यंत भर उन्हात बरंच चालावं लागायचं. इथल्या सगळ्या पोरी बांधतात तसा ती डोळ्यांपर्यंत स्कार्फ बांधायची. तरी संध्याकाळी घरी यायची ती गाल लालभडक घेऊन.

मला वाटलं ऊन लागलं. दही-बेसन लावलं, चंदन उगाळून लावलं, कैरीचं पन्हं पाजलं. मग तिची बोटं सुजायला लागली. सकाळी वेणी घालताना हात वर जाईना. ताप यायचा आणि जायचा, पण गालांवरची लाली कधी जात नव्हती. बऱ्याच डॉक्टरांच्या पायऱ्या झिजवल्यावर एकानं आजाराचं नाव सांगितलं. ल्युपस. शरीराचे राखणदारच घरच्या माणसांवर उठतात, सांधे, कातडी, किडनी, जे सापडेल त्याच्यावर, असं त्यांनी समजावलं. आणि ऊन लागलं की ते जास्त चवताळतात. "इसको धूप से बचाइए," ते म्हणाले.

रायपुरात. जिथं मे महिन्यात नळाच्या पाण्यानं हात भाजतो, तिथं मी पोरीला उन्हापासून वाचवायचं होतं.

नोकरी सुटली. मागची खोली तिची झाली. यांनी खिडकीच्या काचांना काळा कागद चिकटवला, वर जाड पडदा लावला, ट्यूबलाइट काढून एक मंद पिवळा दिवा बसवला. दिवसाढवळ्या त्या खोलीत शिरलं की चाचपडायला व्हायचं. पंचविशीतली पोरगी, आणि घराच्या मागच्या बाजूला अशी लपवून ठेवलेली. त्याच आठवड्यात मी तांब्या खाली आणला.

आणि ही बया काय करत होती? मी एकदा तिच्यासाठी खिचडी घेऊन गेले तर लॅपटॉपवर भला मोठा सूर्य. नारिंगी, रवाळ, अंगावर काळे डाग. अंतराळातल्या दुर्बिणी रोज त्याचे फोटो काढतात आणि ते कोणालाही पाहता येतात, हे मला तेव्हा कळलं. मी ताट तिच्यापुढे आदळलं.

"ज्यानं तुले जाळलं, त्याचंच तोंड काहून पाहून राहिली?"

तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं. इथल्या सगळ्या पोरांचं असंच आहे. खिचडीत तूप कमी आहे हे आधी पाहून घेत ती म्हणाली, "झगड़ा तेरा है, आई. मेरा नहीं."

मग माझ्या कानावर रोज त्याच्याच बातम्या यायला लागल्या. आज डाग उगवला, आज मावळला, आज मोठा झाला. मी पोळ्या लाटत असायची आणि आतून आवाज यायचा. नवऱ्याच्या मित्राच्या उचापती ऐकाव्यात तशा मी त्या ऐकायची, तोंड वाकडं करून आणि एकही शब्द न सोडता.

रथसप्तमी आली. आमच्याकडे त्या दिवशी अंगणात गोवरी पेटवून मातीच्या बोळक्यात दूध ठेवतात आणि सूर्यासमोर ते उतू जाऊ देतात. एरवी दूध उतू गेलं की घरभर आरडाओरडा, आणि त्या दिवशी मात्र मुद्दाम. मी जाहीर केलं होतं की या वर्षी काही होणार नाही. पण ती हट्टाला पेटली. शेवटी मी मागच्या अंगणात गोवरी पेटवली, नाक मुरडत, आणि ती स्वयंपाकघराच्या दाराच्या आत, सावलीत, पाट घेऊन बसली. अंगावर पूर्ण बाह्यांचा कुर्ता, डोक्यावर ओढणी.

"अब देख," ती म्हणाली. "साय को देख."

दुधावर साय धरली होती. खालून ते उकळत होतं आणि साय वर उचलली जात होती, ताणत होती. मग एका बाजूला ती फाटली आणि तिथूनच दूध भसकन बाहेर आलं, धूर झाला, जळका वास सुटला. सूर्यावर असंच होतं, तिनं सांगितलं. सूर्य सगळा सारखा फिरत नाही. त्याचं पोट वेगानं फिरतं आणि डोकं-पाय हळू. त्यामुळे त्याच्या अंगातल्या चुंबकाच्या रेषांना पीळ पडत जातो. जिथं फार पीळ पडतो तिथं काळा डाग दिसतो. आणि पीळ सोसवेनासा झाला की त्या रेषा तुटतात, पुन्हा भलत्याच जागी जुळतात, आणि त्या झटक्यात सूर्याचा एक ढग, तापलेल्या वायूचा, स्वतःचं चुंबक पोटात घेतलेला, बाहेर फेकला जातो.

"सगळीकडे?" मी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण विचारलं.

"नहीं ना. जिधर साय फटी, उधर. कधी आपल्याकडे, कधी भलतीकडे." कधीमधी तिच्या हिंदीत असं मराठी मिसळायचं.

फुटल्याचा उजेड आठ मिनिटांत पोहोचतो. पण जे उतू गेलं ते मागून येतं, बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांनी, कारण रस्ता लांबचा आहे. इथं पृथ्वी स्वतःच एक चुंबक आहे, तिचं एक आवरण आहे. आलेल्या ढगाचं चुंबक आपल्याच दिशेचं असलं तर तो बराचसा बाजूनं घसरून जातो. उलट दिशेचं असलं तर आवरणाचं दार उघडतं. मग चुंबकाचं वादळ होतं. पृथ्वीभोवती वीज वाहायला लागते, जगातली प्रत्येक चुंबकसुई थोडी हलते, रेडिओ खरखरतो, विजेच्या लांब तारांमध्ये नको तो प्रवाह शिरतो. आणि वर ध्रुवांकडे आकाशात हिरवे-लाल पडदे दिसतात.

"वही एक धूप है," ती बोळक्याकडे पाहत म्हणाली, "जिसमें मैं खड़ी हो सकती हूँ."

सहज म्हणाली. मी ते जळकं बोळकं उचलून आत आले आणि पुष्कळ वेळ घासत बसले.

तिला ते पडदे पाहायला जायचं होतं. मोठं वादळ असलं तर लडाखमधूनसुद्धा लाली दिसते, असं ती म्हणायची. डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी तिचे लघवीचे रिपोर्ट दाखवले आणि पहाडाचं नावही काढू नका म्हणाले. किडनीवर सूज आली होती. रिक्षात बसल्यावर तिनं विचारलं, "घर में मुरंबे की खाली बरणी है क्या?"

जाता येत नसेल तर वादळ इथंच पकडायचं, असं तिनं ठरवलं. रायपुरातून आकाशात काही दिसणार नाही, आपण फार दक्षिणेला आहोत. पण सुई तर इथलीही हलते. फार थोडी, डोळ्यांना कळणार नाही एवढी. ते थोडं मोठं करून पाहायचं. माझी काचेची बरणी गेली. यांनी कुठूनसं एक छोटं पट्टीचुंबक आणलं. तिनं ते माझ्या नायलॉनच्या साडीतून उसवलेल्या एका धाग्यानं बरणीत टांगलं. चुंबकाला आरसा चिकटवायचा होता, तो तिनं स्वतःच्या कॉलेजातल्या ओढणीवरून काढला, टिकलीपेक्षा थोडा मोठा, भरतकामातला. एका कोपऱ्यात लाल लेसरची स्वस्तातली बत्ती, यांनी ती जुन्या मोबाइलच्या चार्जरला जोडून दिली. बत्तीचा किरण आरशावर पडायचा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला भिंतीवर एक लाल ठिपका उमटायचा. चुंबक केसभर वळलं की तिथं ठिपका चांगला सरकायचा. अंधारी खोली ह्या कामाला एकदम योग्य होती. तिनं ठिपक्याच्या जागी पेन्सिलीनं एक उभी रेघ मारली आणि म्हणाली, आता वाट पाहायची.

दुसऱ्याच दिवशी माझ्या मागून आवाज आला, "आया! आई, आया!" मी कपाटातून चादरी काढत होते, तशीच वळले. ठिपका रेघेपासून वीतभर लांब गेला होता. तिचे डोळे चमकत होते. यांनी अंगणातून धावत येऊन पाहिलं. मी चादर काढून कपाटाचं दार लावलं आणि ठिपका हेलकावे खात परत रेघेवर येऊन बसला.

आम्ही तिघंही त्या लोखंडी कपाटाकडे पाहत राहिलो.

माझ्या लग्नातलं कपाट ते. माहेराहून ट्रकमध्ये आलेलं, दोन दारांचं, हलवायचं म्हटलं तर चार माणसं लागतात. ते तिच्या खोलीत होतं, कारण दुसरीकडे कुठं मावत नव्हतं. एवढं लोखंड जागचं हललं की चुंबक त्याच्याकडे वळणारच. यांना हसू आवरेना. "सूर्य नाही, तुही माय हाय," ते तिला म्हणाले. "घरात वादळ आणायले ते पुरेशी हाय."

तेव्हापासून नियम झाला. कपाट उघडायचं तर आधी ओरडून सांगायचं. मी विसरायची आणि खाटेवरून लगेच, "आई, कपाट!" कामाला येणाऱ्या दीदीलाही तिनं शिकवलं होतं. ती "हव, हव" म्हणायची आणि कपाटाला हात लावायच्या आधी बरणीला नमस्कार करायची. खोलीत देव बसवला आहे अशी तिची समजूत झाली होती, आणि आम्ही ती मोडली नाही.

महिने गेले. लहानसहान वादळं झाली, तिला लॅपटॉपवर कळायची, पण भिंतीवर काही खात्रीचं दिसायचं नाही. ठिपका जरा सरकल्यासारखा वाटायचा आणि मग कोणीतरी अंगणात मोटरसायकल लावलेली निघायची. औषधांनी तिचा चेहरा गोल झाला, केस विरळ झाले. ती दिवसेंदिवस थकत गेली, पण सकाळी डोळे उघडले की पहिली नजर भिंतीवर. मला त्या ठिपक्याचा मत्सर वाटायचा. हे लिहायला लाज वाटत नाही, वाटायचाच.

मग तो मे आला. तिनं सांगितलं, सूर्यावर इतक्या वर्षांत झाला नसेल एवढा मोठा डागांचा घोळका झाला आहे, आणि तो आपल्याकडे तोंड करून आहे. एकामागोमाग एक ढग सुटत होते, मागचे पुढच्यांना गाठत होते. "इस बार पक्का," ती म्हणायची. तिचे पाय तेव्हा इतके सुजले होते की बोट दाबलं तर खड्डा राहायचा. त्याच संध्याकाळी तिला श्वास लागला. मी कपाटातून हाताला येतील ते कपडे ओढले, यांनी रिक्षा बोलावली, आणि आम्ही तिला घेऊन दवाखान्यात गेलो. दारातून बाहेर पडताना ती मान वळवून खोलीकडे पाहत होती.

सकाळी तिला जरा आराम पडला. ऑक्सिजनची नळी नाकाला होती, पण बोलत होती. हे तिच्यापाशी थांबले आणि मी तिचे कपडे, टॉवेल, फणी आणायला घरी आले. कुलूप काढते तोच फोन वाजला.

"आई, कमरे में जा. कुछ छूना मत. पहले ठिपका देख."

मी चपला न काढता आत गेले. खोलीत अंधार होता आणि भिंतीवर तो लाल ठिपका होता. रेघेवर नव्हता.

"नाही ना व जागेवर," मी म्हटलं. "लांब गेला. चांगला वीतभर."

पलीकडून अगदी हळू, "कपाट?"

मी वळून पाहिलं. कपाटाचं दार सताड उघडं होतं. आदल्या संध्याकाळच्या घाईत मीच तसं टाकून गेले होते, एक कुर्ता अर्धा बाहेर लोंबत होता. माझ्या जिभेवर "बंद आहे" आलं होतं. पण तिच्याशी खोटं बोलायची मला सवय नव्हती, आणि तिनं पकडलंच असतं.

"उघडं हाय," मी म्हटलं.

ती हसली. नळीमुळे त्या हसण्याला शिट्टीसारखा आवाज आला. "तो फिर तू है, सूरज नहीं." मग दम खाऊन म्हणाली, "बंद कर. धीरे से. फिर खड़ी रह."

मी कुर्ता आत ढकलला, दार हळूच लावलं, किल्ली फिरवली. ठिपका निघाला. रेघेच्या पार गेला, परत आला, पुन्हा गेला. मी भिंतीजवळ उभी होते. फोनमधून तिचा श्वास ऐकू येत होता आणि मागे कोणाच्या तरी स्टीलच्या डब्याचा आवाज. हेलकावे कमी होत गेले.

"आला?"

"आला," मी म्हटलं. आणि मग नीट पाहिलं. "नाही. पुरा नाही आला."

"कितना?"

रेघ आणि ठिपका यांच्यामध्ये जागा होती. मी तिथं बोट ठेवलं. "बोटभर कमी हाय."

"कौन सी उंगली? आड़ी या खड़ी?"

"मधलं बोट. आडवं."

"किल्ली लावली? पंखा बंद है? बाहेर कोणाची गाडी?" ती आता घाई करत होती, धाप लागत होती. मी अंगणात जाऊन पाहिलं, गल्लीत डोकावले, परत आले. गाडी नव्हती. पंखा बंद होता. कूलर बंद होता. घरात माझ्याशिवाय कोणी नव्हतं, आणि मी हातातल्या बांगड्याही काढून स्वयंपाकघरात ठेवल्या. सोन्याला चुंबक लागत नाही हे मला ठाऊक होतं, तरी काढल्या. ठिपका तिथंच होता, बोटभर अलीकडे, आणि मुंगीच्या चालीनं सरकत होता, जागचा हलत होता.

"हलून राहिला," मी म्हटलं.

या वेळी ती पुरं मराठीत बोलली. "आई, तो आपल्या घरी आला."

ती रडत होती. मीही रडत होते, भिंतीला हात लावून. ठिपका माझ्या हाताच्या पाठीवर पडला होता. त्या क्षणी मी भांडण सोडून दिलं. मनात म्हटलं, आलास ना, बरं झालं आलास, एवढ्या लांबून तिच्यासाठी आलास, आता तिला बरी कर. वर्षभर बोलणं टाकलेल्या पाहुण्याला दारात आल्यावर घरात घ्यावं लागतं, तसं मी त्याला घरात घेतलं.

दवाखान्यात पोहोचले तर सगळ्या वॉर्डाला बातमी कळलेली होती. लडाखच्या लाल आकाशाचे फोटो तिच्या फोनवर आले होते आणि ती ते नर्सला दाखवत होती, शेजारच्या खाटेवरच्या आजीला दाखवत होती. "रायपुर में भी आया," ती प्रत्येकाला सांगायची, "हमारे घर आया, मेरी आई ने देखा." आजींना काय कळलं कोण जाणे, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी जवळ जाऊन बसले तेव्हा तिनं माझं मधलं बोट धरलं आणि निरखून पाहिलं. मग ते स्वतःच्या गालाला लावून झोपली.

मी त्याला घरात घेतलं, पण त्यानं माझं ऐकलं नाही. किडन्या गेल्या. डायलिसिस सुरू झालं, मग फुप्फुसात पाणी, मग तापाचं काहीतरी ज्याचं नाव मला आजही नीट घेता येत नाही. पाऊस लागला होता तेव्हा ती गेली. रायपुरात त्या आठवड्यात ऊन नव्हतंच. तिला नेलं तेव्हाही आभाळ गच्च भरलेलं होतं. "चाल, पोरीले ऊन नाही लागलं," हे म्हणाले.

मी तेव्हा रडले नाही. डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं आणि मला लगेच सगळं कळलं, एका क्षणात, लख्ख कळलं. तरी मी फोन केले, सतरंज्या काढल्या, आलेल्यांना चहा विचारला. लोक म्हणाले, आई मोठी धीराची. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी मी हात पुसायला दारामागे गेले आणि खुंटीवर तिचा स्कार्फ होता, चेहऱ्यावर बांधायचा, गाठीच्या सुरकुत्या तशाच असलेला. मग मला शेजारणींनी धरून आत नेलं. उजेड लगेच पोहोचतो आणि बाकीचं मागून येतं, हे तिनं मला चांगलं समजावून सांगितलं होतं. मी ते फक्त सूर्याबद्दलच समजले होते.

त्यानंतर ती खोली तशीच राहिली. बत्ती चालू. एकदा चार्जर खराब झाला तर यांनी काही न बोलता दुसरा आणला. कपाटाला किल्ली लावलेली होती, ते मी पुन्हा उघडलंच नाही. माझ्या चांगल्या साड्या त्यात होत्या, यांचा कोट होता, थंडीची पांघरुणं होती. आम्ही त्या हिवाळ्यात बाजारातून नवी पांघरुणं आणली. कोणी विचारलं तर मी सांगायची, कपाट उघडलं की ठिपका हलतो. लोक यांच्याकडे पाहायचे. हे म्हणायचे, "हव, हलतो."

रथसप्तमी आली तेव्हा वर्ष पुरं झालेलं नव्हतं, त्यामुळे घरात सण नव्हताच. मला बरं वाटलं. सगळ्यांच्या अंगणातून दूध जळल्याचा वास येत होता आणि मी खिडक्या लावून बसले.

वर्षश्राद्धाला नणंद आली. दोन दिवस राहिली आणि जायच्या दिवशी माझ्या शेजारी बसून म्हणाली, "वहिनी, लेकराचे कपडे असे कोंडून नाही ठेवू. दीदीची पोट्टी कॉलेजात जाऊन राहिली ना, तिले होतील. कोणाच्या अंगाले लागतील तर बरं."

ती काही वावगं बोलली नव्हती. कामाच्या दीदीची मुलगी आमच्या पोरीच्याच उंचीची होती. मी उठले आणि किल्ली घेऊन खोलीत गेले. हे दारात उभे राहिले, नणंद त्यांच्या मागे. "कपाट उघडते," मी मोठ्यानं म्हटलं. नियम होता म्हणून म्हटलं. खाटेवरून कोणी काही बोललं नाही.

दार उघडलं आणि ठिपका पळाला, वीतभर. मी त्याच्याकडे पाठ केली. तिचे पूर्ण बाह्यांचे कुर्ते काढले, उन्हासाठी म्हणून घेतलेले, एकेक रंग तिनं स्वतः निवडलेला. सलवारी काढल्या. रुमाल, मोजे, मी विणलेलं आणि तिनं कधीच न घातलेलं स्वेटर. तळाशी ती कॉलेजची ओढणी होती, भरतकामाची, सगळे आरसे जागेवर आणि एका ठिकाणी नुसते दोरे, रिकामं गोल घर. ती मी खांद्यावर टाकली. बाकीच्यांच्या घड्या नणंदेनं घातल्या आणि गाठोडं बांधून बाहेर नेलं. तिचा कप्पा रिकामा झाला. आता त्यात नुसत्या पत्र्याचा वास होता.

मी दार हळू लावलं, तिनं शिकवलं होतं तसं. किल्ली फिरवली. भिंतीशी जाऊन उभी राहिले. ठिपका रेघेच्या पार गेला, परत आला, पुन्हा गेला, आणि थांबला.

रेघेवर थांबला. अगदी बरोबर. मी मधलं बोट आडवं ठेवून पाहिलं, तिथं जागाच नव्हती. चुंबकाला लोखंड कळतं, सुती कपडे कळत नाहीत, हे मला समजतं. मी काही वेडी नाही. पण माझ्या घरातून एवढं सगळं निघून गेलं होतं आणि भिंतीवर केसाइतकाही फरक पडला नव्हता. मला भयंकर राग आला.

हे मागून येऊन म्हणाले, "चाल आता."

मी गेले नाही. त्या ओढणीत तोंड लपवून मी तिथंच उभी राहिले आणि ज्याच्याशी माझं भांडण आहे त्याला म्हणत राहिले, हल ना रे, थोडा तरी हल.